खाडाखोड केली तर शेजारी सही हवी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही अडीच वर्षं ज्या कंपनीत आहात ती वित्तसंस्थांसाठी कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर करते. दुचाकीची कर्जं, छोट्या दुकानदारांची कर्जं, हप्ता दोन-चार हजारांचा. शेवटच्या तारखेला रात्री उशिरा यूपीआयने भरलेले काही हप्ते सिस्टीममध्ये थकीत दिसतात आणि खात्यावर दंड लागतो. ग्राहकाने तक्रार लावून धरली की तुम्ही मॅनेजरच्या सांगण्यावरून थेट प्रॉडक्शन डेटाबेसमध्ये (जिथे ग्राहकांची खरी खाती चालतात) शिरता, एक अपडेट क्वेरी, म्हणजे नोंद बदलणारा आदेश, मारता आणि दंड शून्य करता. तिकीट, म्हणजे कामाची रीतसर नोंद, काढायचं नाही, क्लायंटला, म्हणजे त्या वित्तसंस्थेला, कळवायचं नाही, मूळ दुरुस्ती ‘पुढच्या रिलीजला बघू’. सात महिने हेच चाललंय. तुम्ही विचारलंय, ‘मी उगाच ताणतोय का? आणि नोकरी सोडावी का?’

पहिल्याचं उत्तर, नाही, उगाच ताणत नाही आहात. दुसऱ्याचं उत्तर, आज तरी सोडू नका. का ते सविस्तर सांगते.

मी २२ वर्षं हे काम करते, त्यातली बहुतेक पैशाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर गेली. कोडमध्ये बग, म्हणजे चूक, निघणं हा गुन्हा नाही. माझ्या हातूनही चुकीचा कोड लाइव्ह गेलाय. प्रॉडक्शनमध्ये हाताने दुरुस्ती करणं हेही दर वेळी वाईटच असतं असं नाही. रात्री दोनला लोकांचे व्यवहार अडकून पडलेले असताना तीच करावी लागते. तुमच्या प्रश्नातली खरी गोम तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत: ‘जे तक्रार करत नाहीत त्यांचं तसंच राहतं.’

म्हणजे टीमला चूक माहीत आहे, ती कशी सुधारायची तेही माहीत आहे, आणि ती सुधारून कोणाला मिळणार हे कोण फोनवर भांडतो त्यावर ठरतंय. आता शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला हप्ता कोण भरतं याचा विचार करा. पगारदार माणसाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. रात्री भरतो तो ज्याचा पैसा दिवसभर सुट्या नोटांत गोळा होतो तो माणूस. भाजीची गाडी आवरून, उद्याच्या मालाचे पैसे बाजूला काढून, उरलेल्यातून तो हप्ता भरतो. त्याला तीनशे रुपये दंड लागला तर कस्टमर केअरच्या गाण्यावर वीस मिनिटं थांबण्यापेक्षा तो दंड भरून मोकळा होतो. आपल्याच हातून उशीर झाला असेल असंही त्याला वाटतं. ज्यांना हा बग लागतो आणि जे तक्रार करत नाहीत ती बरीचशी एकच माणसं आहेत. तुमची अस्वस्थता इथून आलीये आणि ती रास्त आहे.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. २००५ च्या आसपासची गोष्ट आहे, मला नोकरीत दीडच वर्ष झालं होतं. काही पतसंस्थांचं पिग्मीचं, म्हणजे दुकानादुकानातून रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींचं, सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. एजंट दिवसभर दुकानं फिरून मशीनवर पावत्या फाडायचा, संध्याकाळी शाखेत येऊन मशीन केबलने संगणकाला जोडायचा. तेव्हा भारनियमन जोरात होतं. अपलोड अर्ध्यात असताना वीज गेली, की आल्यावर पुन्हा पहिल्यापासून अपलोड, आणि आधी चढलेल्या पावत्या दुसऱ्यांदा चढायच्या. सिस्टीम सांगायची गोळा झाले १८,४५०, एजंटच्या हातात रोख १६,९००. फरक एजंटच्या नावावर तूट म्हणून लागायचा.

आम्हाला हे ठाऊक होतं. माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, ‘जिथून फोन येईल तिथलं दुरुस्त कर.’ मी करतही होते. एकदा दुसऱ्याच कामासाठी एका तालुक्याच्या शाखेत गेले. काउंटरच्या बाजूच्या बाकावर एक पन्नाशीचे एजंट कार्बनच्या पावतीपुस्तकावर पेन्सिलने बेरजा करत बसले होते. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. मी विचारलं, तर म्हणाले, ‘ताई, तीन महिने झाले, माझी मोजणी चुकतेय. डोळे तपासून आलो.’ तीन महिने ते खिशातून तूट भरत होते. त्यांनी आम्हाला फोन केला नव्हता, कारण चूक यंत्राची असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सगळ्या शाखांवर दुबार पावत्यांची क्वेरी चालवली. ११ एजंट निघाले. फोन आला होता दोघांचा.

त्याच शाखेतल्या मुख्य लिपिकांनी मला जुनी हाताने लिहिलेली खतावणी दाखवली होती. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, हा दंडक. खोडरबर चालत नसे, पांढरी शाई तर नाहीच. तुम्ही मारता ती अपडेट क्वेरी म्हणजे खोडरबर आहे. तीनशेच्या जागी शून्य आलं, आणि तिथे कधी तीनशे होते, कोणी काढले, कशासाठी काढले, काहीच उरलं नाही. हिशेबात बरोबर पद्धत उलट नोंदीची असते: दंड नावे पडलेला तसाच दिसतो, त्याखाली तेवढ्याच रकमेची जमा, तपशिलात कारण, आणि करणाऱ्याचं व मंजुरी देणाऱ्याचं नाव. शिल्लक दोन्हीकडे सारखीच शून्य येते. पण एका पद्धतीत चूक दिसते आणि मोजता येते, दुसरीत ती झालीच नव्हती असं होतं.

मोजता न येणाऱ्या चुकीचं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं. १९९९ पासून त्यांच्या शाखांमध्ये फुजित्सूची होरायझन ही हिशेबाची प्रणाली बसू लागली. शाखा चालवणारे लोक पोस्टाचे नोकर नव्हते, कराराने शाखा चालवत, आणि हिशेबात तूट आली तर ती त्यांनी भरायची असा अर्थ त्या कराराचा लावला जाई. प्रणालीत बग होते. २०१५ मध्ये डॅलमेलिंग्टन भागातल्या एका शाखेत ८,००० पौंडांची रक्कम जमा दाखवताना स्क्रीन पुढे सरकेना, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि तीच रक्कम चार वेळा चढली. कागदावर २४,००० पौंडांची तूट. माझ्या पिग्मी एजंटांचाच प्रकार, फक्त रक्कम मोठी.

लोक मदतकेंद्राला फोन करायचे, तर अनेकांना सांगितलं जाई की अशी अडचण फक्त तुम्हालाच येतेय. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक शाखाचालक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. वेस्ट बायफ्लीट इथल्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या तेव्हा गरोदर होत्या. फुजित्सूचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते, तरी पोस्ट ऑफिस कित्येक वर्षं ‘असं करताच येत नाही’ म्हणत राहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतले बग मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यात सीमा मिश्रा होत्या. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

तुमचं प्रकरण त्या पातळीचं आहे असं मी म्हणत नाही. तीनशे रुपयांचा दंड आणि तुरुंग यांत फार अंतर आहे. पण तुम्ही वर्णन केलेले घटक पाहा. बग माहीत आहे, तो प्रत्येक वेळी सुटा प्रकार म्हणून मिटवला जातो, दुरून हिशेबात हात घातला जातो आणि ज्याचा हिशेब आहे त्याला ते कळत नाही. होरायझनमध्येही सुरुवात अशीच झाली होती. कोणी एका दिवशी ठरवून ९०० माणसांना दोषी केलं नाही. एकेक सपोर्ट कॉल ‘सोडवला’ म्हणून बंद होत गेला.

आता आपल्याकडच्या नियमांबद्दल, कारण मॅनेजरशी बोलताना ते हाताशी असलेले बरे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे: प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद झाली पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. तुमच्या क्लायंटची हिशेबाची पुस्तकं तुमच्या सिस्टीममधून तयार होत असतील, तर डेटाबेसमधला थेट अपडेट हा तुमच्या कंपनीपुरता प्रश्न राहत नाही, क्लायंटही अडचणीत येतो. दुसरं, रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक. दंड हा कर्जदाराला शिस्त लागावी म्हणून आहे, उत्पन्न वाढवायचं साधन म्हणून नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वेळेत भरणाऱ्याला कसली शिस्त लावायची? तिसरं, या चुकीच्या थकबाकीचा शिक्का क्रेडिट रिपोर्टपर्यंत पोचलाय का ते बघा. पोचला असेल तर तीनशेचं प्रकरण त्या माणसाच्या पुढच्या कर्जापर्यंत जातं. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हेही रिझर्व्ह बँकेनेच ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय.

आणि एक गोष्ट, जी बऱ्याच डेव्हलपरांना माहीतच नसते. कर्जवसुलीचं प्रकरण कोर्टात गेलं की खात्याचा उतारा पुरावा म्हणून दाखल होतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५बी होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्या काळात संगणक व्यवस्थित चालत होता असं त्यात लिहून द्यावं लागतं. क्लायंटचा कोणी अधिकारी विश्वासाने त्यावर सही करत असेल. संगणक व्यवस्थित चालत नव्हता हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही.

यात काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. बग नक्की कुठे आहे हे मला दुरून दिसत नाही. लक्षणांवरून अंदाज असा, की तुमचा रात्रीचा बॅच (सगळ्या खात्यांचा एकत्र हिशेब करणारा प्रोग्रॅम) ठरल्या वेळी चालतो, यूपीआयचं कन्फर्मेशन कधी कधी बारानंतर येतं, आणि तुमचा कोड पैसे भरल्याच्या वेळेऐवजी कन्फर्मेशन मिळाल्याची वेळ व्हॅल्यू डेट, म्हणजे हप्ता भरल्याची तारीख, म्हणून लावतो. तसं असेल तर दुरुस्ती फार मोठी नाही: तारीख व्यवहाराच्या वेळेवरून घ्यायची, आणि उशिरा आलेल्या कन्फर्मेशनवर त्या दिवसाचा दंड पुन्हा तपासायचा. पण ‘भरलं’ म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून गेलं की वित्तसंस्थेच्या खात्यात आलं, हे कर्जाच्या करारात ठरलेलं असतं. ते क्लायंटला विचारल्याशिवाय कोडमध्ये ठरवू नका. करार दुसरं काही सांगत असेल तर हा बगच नाही, आणि मग तक्रार करणाऱ्यांचा दंड तुम्ही कोणाच्या परवानगीने माफ करताय हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. दोन्ही बाजूंनी क्लायंटला कळवण्यावाचून गत्यंतर नाही.

मॅनेजरबद्दलही घाईने मत बनवू नका. मी स्वतः मॅनेजर राहिलेय. अनेकदा असा माणूस लबाड नसतो. क्लायंटशी केलेल्या करारातल्या दंडाच्या कलमाला, करार जाण्याला, किंवा नुसतं ‘हे आधीच का नाही सांगितलं’ या प्रश्नाला तो घाबरलेला असतो. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर साधा बग होता. सातव्या महिन्यात सांगताना सात महिने गप्प बसल्याचाही हिशेब द्यावा लागतो, आणि दर महिन्याला तो वाढत जातो. त्याला यातून बाहेर पडायला वाट हवी आहे. ती तुम्ही देऊ शकता, आणि ती वाट म्हणजे आकडा.

म्हणून भांडायच्या आधी मोजा. ज्यांच्या व्यवहाराची वेळ शेवटच्या तारखेच्या आतली आहे, पण पोस्टिंग, म्हणजे खात्यावर नोंद, त्यानंतरचं आहे, आणि ज्यांच्यावर दंडाची नोंद आहे, अशी खाती काढा. क्वेरी फक्त वाचणारी असू दे, रिपोर्टिंगच्या प्रतीवर (अहवालांसाठी ठेवलेल्या डेटाबेसच्या नकलेवर) चालवा, आणि तुम्हाला तिथे अधिकृत ॲक्सेस असेल तरच. यादी नको, फक्त संख्या आणि एकूण रक्कम. ग्राहकांची नावं, नंबर, स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. पुरावा म्हणून जवळ ठेवावं असं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण त्या क्षणी चुकीच्या बाजूला तुम्ही उभे राहता, आणि पुढची सगळी चर्चा तुमच्या त्या मेलवर होते.

मग मॅनेजरशी समोरासमोर बोला, एकट्याने, दार लावून. त्यानंतर त्याच दिवशी छोटा मेल. तो इंग्रजीतच जाईल, पण गाभा असा ठेवा: ‘आज आपण बोललो त्याप्रमाणे, अमुक तारखेपासून इतकी खाती आणि इतकी रक्कम या त्रुटीत सापडली आहे. मूळ दुरुस्तीला माझ्या अंदाजाने इतके दिवस लागतील. आधीच्या खात्यांसाठी उलट नोंदींची स्क्रिप्ट मी तयार करतो, क्लायंटच्या मंजुरीनंतर चालवू. यापुढे प्रॉडक्शनमधली प्रत्येक दुरुस्ती मी तिकिटावरच करेन.’ आरोप नको, विशेषणं नकोत. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. तुम्ही परवानगी मागत नाही आहात, आपण काम कसं करणार ते सांगताय. क्वेरी तुमच्या लॉगिनने चालते, हे विसरू नका.

‘मी तर ज्युनियर, सांगितलेलं करतो’ असं तुम्ही लिहिलंय. नोकरीत ते खरं आहे, पण त्याचं संरक्षण फार पुरत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखून प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, ते २०१५ मध्ये उघड झालं. त्या प्रकरणात अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये जेम्स लियांग यांना ४० महिन्यांची कैद झाली. ते कंपनीचे मालक नव्हते, संचालक नव्हते, इंजिनिअर होते. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तिकिटाचा आग्रह धरणं हा तुमचा बचावही आहे, एवढंच.

मेलनंतरही काहीच हललं नाही तर? पंधरा दिवस द्या, मग मॅनेजरला सांगून त्याच्या वरच्याकडे जा. न सांगता गेलात तर मुद्दा बगचा राहत नाही, वागणुकीचा होतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, लोकांच्या ठेवी घेत असेल किंवा तिने बँकांकडून ५० कोटींच्या वर कर्ज घेतलं असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे तिच्याकडे अशा तक्रारींसाठी अंतर्गत यंत्रणा असलीच पाहिजे, आणि तक्रारदाराला त्रास होऊ नये याची तरतूदही. छोटी खासगी कंपनी असेल तर ही सोय बहुधा नसते, आणि खासगी नोकराला वाचवणारा भक्कम कायदा आपल्याकडे नाही. म्हणून थेट क्लायंटला किंवा बाहेर कुठे सांगण्याआधी एखाद्या वकिलाला नेमणूकपत्र आणि गोपनीयतेचा करार दाखवा.

नोकरी सोडण्याचा विचार त्यानंतरचा. घरचा हप्ता आहे, नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, हे तुम्ही लिहिलंय, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. मी त्या वेळी राजीनामा दिला नव्हता. दिला असता तर ११ जणांची यादी कोणी केली नसती. माझ्या वरिष्ठांनी पहिल्यांदा कपाळाला हात लावला, दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्यासोबत संस्थेत आले, आणि दोन महिन्यांत सगळ्यांचे पैसे परत झाले. तुमच्याकडे असंच होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. झालं नाही, उलट तिकीट न काढता क्वेरी मारायला पुन्हा सांगितलं गेलं, तर मात्र दुसरी नोकरी शोधायला लागा आणि तोवर ती क्वेरी मारायला शांतपणे नकार द्या.

पण आत्ता तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही की सात महिन्यांत किती खाती सापडली आहेत. १६ निघाली तर एका दुपारचं काम आहे. १,६०० निघाली तर हा विषय तुमच्या मॅनेजरच्याही हातात राहत नाही. उद्या सकाळी आधी ती संख्या काढा, आणि मेल पाठवण्याआधी मसुदा दाखवायचा असेल तर पाठवा. ग्राहकांचे आणि कंपनीचे तपशील त्यातून काढून टाका, मी वाचून सांगते.